कुलवृत्तांतात नसलेल्या बायका

माझ्या धाकट्या भावाला पार्किन्सन्स असल्याचे निदान झाले तेव्हा तो 44 वर्षांचा होता, आणि त्याआधी सव्वा वर्ष आम्ही त्याच्या उजव्या खांद्यावर उपचार करत होतो. खांदा आखडला आहे असे सांगून त्याला शेकायला आणि व्यायाम करायला लावले होते. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी हापूसची बाग आणि थोडी भातशेती करणाऱ्या माणसाचा खांदा धरला, यात कोणालाच काही वावगे वाटले नाही. चालताना त्याचा उजवा हात झुलत नाही, हिशेबाच्या वहीतले अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जाते आणि दोन वर्षे त्याला मोहराचा वास आलेला नाही, या तिन्ही गोष्टी घरातल्या सर्वांना ठाऊक होत्या. त्या एकत्र मांडल्या त्या मुंबईच्या मेंदूविकारतज्ज्ञ बाईंनी, आणि त्याही दहा मिनिटांत. कंप जवळजवळ नव्हताच, त्यामुळे ज्या आजाराला आपण कंपवात म्हणतो तो कंपावाचूनही येतो हे आम्हाला प्रथमच कळले.

लेव्होडोपाच्या गोळीने पंधरा दिवसांत त्याचा हात मोकळा झाला. तिसऱ्या भेटीत डॉक्टरांनी जनुकीय तपासणीचा विषय काढला. पार्किन्सन्सच्या बहुतेक रुग्णांत एकच असे जनुक बोट दाखवायला सापडत नाही. शंभरातल्या दहापंधरा जणांच्या घरात आणखी कोणाला तरी हा आजार असतो, आणि एकाच जनुकातल्या बिघाडाने तो झाला असे म्हणता येईल असे रुग्ण शंभरात पाच ते दहा. मात्र पन्नाशीच्या आत आजार सुरू झाला असेल तर ही शक्यता वाढते. एवढे सांगून त्यांनी विचारले, "तुमचे आईवडील नात्यातले होते का?" भावाने माझ्याकडे पाहिले. आमच्या अप्पांनी मामाची मुलगी केली होती. आमच्या भागात अनेक घरांत ही सोयरीक चालत आली आहे आणि तिच्यात कधी कोणाला काही गैर दिसलेले नाही.

मी 31 वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले, त्यामुळे त्या प्रश्नामागचा अर्थ मला तिथेच कळला. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. पार्किन नावाच्या जनुकाची एक प्रत बिघडली तर सहसा माणसाला काही होत नाही, दोन्ही बिघडल्या तर तरुणपणी पार्किन्सन्स होतो. हे 1998 मध्ये जपानी कुटुंबांच्या अभ्यासातून कळले, आणि त्यातल्या काही कुटुंबांत आईवडील एकमेकांचे नातलगच होते. आतेमामे भावंडांत सरासरीने एक अष्टमांश जनुके सारखी असतात, म्हणून एकाच पणजोबांकडची बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी खाली येऊन एका मुलात भेटण्याची शक्यता अशा लग्नात वाढते. फळ्यावर हे मी कितीदा तरी वाटाण्यांच्या उदाहरणाने काढून दाखवले असेल. त्या दिवशी खेडपर्यंत रेल्वेने आणि पुढे एसटीने परत येताना मला काळजी पडली होती ती हे आईला कसे सांगायचे याची.

तपासणी दोन वाटांनी होणार होती: एक नेहमीची, पैसे भरून करायची, जिचा अहवाल आमच्या हाती येणार; आणि दुसरी संशोधनासाठी, जिथे भावाचे रक्त आणि माहिती इतर हजारो रुग्णांच्या माहितीत मिसळली जाणार. दोन्हींसाठी घराण्याचा तक्ता हवा होता, आणि तो काढण्याचे काम एका तरुण समुपदेशक मुलीकडे होते. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ, आजारी असेल तर आतून काळे, गेलेला असेल तर तिरकी रेघ, आणि नात्यातल्या लग्नासाठी दुहेरी रेघ. आईअप्पांमधली ती दुहेरी रेघ तिने पट्टीने, अगदी नीट काढली, आणि मग म्हणाली, "काकू, वरच्या तीन पिढ्या तरी लागतील. दोन्हीकडच्या."

मला वाटले, हे सोपे आहे. आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे. मूळ पुरुषापासून अकरा पिढ्या, कोण कोणत्या गावी वतन घेऊन गेला, कोणाची कोणती शाखा, कुलदैवत कोणते, सगळे त्यात आहे. कोकणातल्या कितीतरी घराण्यांनी असे ग्रंथ हौसेने आणि मेहनतीने केले आहेत. तो जाड ग्रंथ मी पिशवीत घालून पुढच्या खेपेला घेऊन गेले. त्या मुलीने तो आदराने चाळला आणि पाचच मिनिटांत त्याचा उणेपणा दाखवला. त्यात मुलगे आहेत. सुना आहेत, पण सासरच्या नावाने आणि "अमक्यांची कन्या" एवढ्याच ओळखीने. मुली जिथे आहेत तिथे "विवाहित" या शब्दावर त्यांची शाखा संपते. माझी आजी, म्हणजे अप्पांची आई, जिच्या भावाची मुलगी माझी आई, तिच्या माहेरच्या चार बहिणींपैकी एकीचेही नाव कोणत्याही ग्रंथात नव्हते. आणि आम्हाला तर नेमके त्याच घरात शिरायचे होते. गुणसूत्रे मुलीच्या लग्नानंतर थांबत नाहीत. मी स्वतः त्या ग्रंथात "विवाहित" या शब्दापाशी संपलेली आहे, हे मला साठी उलटल्यावर त्या टेबलाशी बसून प्रथम जाणवले.

तक्त्याचे काम मग मी गणपतीत केले. आमच्या वाडीत एरवी निम्म्या घरांना कुलूप असते, पण गणपतीला मुंबई, ठाणे, पनवेलचे सगळे चाकरमानी येतात आणि पाच दिवस कोणाचे ना कोणाचे आरतीला येणे चालू असते. वही घेऊन मी म्हाताऱ्या माणसांच्या शेजारी बसत असे. पार्किन्सन्स हा शब्द उच्चारून काहीच हाती लागत नव्हते. तो शब्द ऐकला की लोक "छे, आमच्याकडे कोणाला नाही" म्हणून मोकळे होत. मग मी प्रश्न बदलला. कोण पाय घासत चालायचे, कोणाचा आवाज बसला होता, कोणाला शर्टाची बटणे लावायला वेळ लागायचा, झोपेत ओरडून हातपाय कोण झाडायचे, असे विचारू लागले, तेव्हा माणसे एकेक करून बाहेर यायला लागली. एका चुलत काकांना "वात भरला होता". आजीच्या दुसऱ्या क्रमांकाच्या बहिणीला, जी राजापूरकडे दिली होती, सासरी "मान हलवणारी" म्हणत. तिच्या नातवाला मी फोन केला तेव्हा त्याने बराच वेळ काही उत्तर दिले नाही. शेवटी म्हणाला की त्याच्या मुलीचे लग्न ठरते आहे आणि हे कागदावर न आले तर बरे. मी त्याला सांगितले की कागदावर नाव येत नाही, फक्त वर्तुळ येते. त्यालाही ते पटले नसावे, पण त्याने माहिती दिली.

समुपदेशक मुलीने ते वर्तुळ काळे केले नाही. केवळ मान हलणे हे बहुधा वेगळ्या प्रकारच्या कंपाचे लक्षण असते, पार्किन्सन्समध्ये कंप सहसा विसावलेल्या हाताला असतो आणि हालचाल मंदावणे ही मुख्य खूण, असे तिने समजावले आणि वर्तुळात प्रश्नचिन्ह घातले. काकांचा चौकोनही अर्धाच रंगवला, कारण मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या विकारानेही माणूस पाय घासत चालतो. गणपतीचे पाच दिवस आणि नंतरचे दोन महिने खपून गोळा केलेल्या 63 माणसांत पूर्ण काळा एकच चौकोन राहिला: माझा भाऊ. मला थोडा रागच आला. पण ती बरोबर होती.

या काळात मी रात्री मोबाइलवर वाचत असे, आणि त्या वाचनाने माझा जो गोंधळ झाला तो सांगण्यासारखा आहे. एलआरआरके2 या जनुकात एक प्रसिद्ध बदल आहे, जी2019एस. त्या जनुकाच्या प्रथिनात 2019व्या जागी ग्लायसिनऐवजी सेरिन येते. उत्तर आफ्रिकेतल्या अरब रुग्णांपैकी दहांत सुमारे चौघांमध्ये आणि अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या, ज्यू रुग्णांपैकी सुमारे 18 टक्क्यांमध्ये तो सापडला, असे 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. हे आकडे वाचून मी घाबरले. डॉक्टरांनी विचारले, "तुम्ही अरब आहात का? अश्केनाझी आहात का?" मी गप्प. भारतीय रुग्णांत हा बदल अगदी विरळ आढळतो. चिनी वंशाच्या लोकांत त्याच जनुकातले दुसरेच दोन बदल भेटतात, आणि ते जोखीम वाढवतात ती साधारण दुपटीने. जनुक एकच, पण कोणत्या लोकसमूहात त्याचे कोणते रूप कोणा पूर्वजापासून पसरले त्यावर आकडा ठरतो. तो एकाचा उचलून दुसऱ्याला लावता येत नाही. याच जनुकाच्या प्रथिनाला 2004 मध्ये बास्क कुटुंबांच्या अभ्यासातून दार्दारिन हे नाव मिळाले, कारण बास्क भाषेत थरथरीला दार्दारा म्हणतात. आपली थरथर त्याच्या किती जवळची वाटते. भाषाशास्त्रात याला काही अर्थ नसेल, पण मला तो शब्द एकदम ओळखीचा वाटला.

मला यातली गोम कळली ती आपल्याच किनाऱ्याच्या उदाहरणावरून. अलिबागजवळ नवगावला ज्यांचे पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले अशी परंपरा आहे, ते आपले बेने इस्राएली, तेलाच्या घाण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना कोकणात शनवार तेली म्हणत. तेही ज्यूच. पण अश्केनाझी युरोपातले, आणि बेने इस्राएलींच्या जनुकांच्या 2016 च्या अभ्यासात मध्यपूर्वेतला ज्यू वारसा आणि भारतीय वारसा यांचे मिश्रण दिसले. धर्माचे नाव सारखे म्हणून अश्केनाझींचा 18 टक्क्यांचा आकडा नवगावच्या कुटुंबाला लावणे चूक ठरेल. मुंबईच्या पारशांचेही तसेच. त्यांच्यात दर लाख लोकांमागे सुमारे 328 पार्किन्सन्सचे रुग्ण असल्याची नोंद 1988 मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती भारतातल्या इतर पाहण्यांच्या मानाने बरीच वर होती. परंतु पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे आहे आणि हा आजार मुख्यतः वृद्धांचा, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून रक्तातच काही आहे असे म्हणणे घाईचे होईल. आपल्याकडे जातीतल्या जातीत लग्ने शेकडो वर्षे चालल्याने भारत म्हणजे लहान लहान बंद समूहांची रास झाली आहे. दक्षिण आशियातल्या 263 समूहांच्या 2017 च्या अभ्यासात 81 समूह असे निघाले की त्यांचा मूळ पूर्वजगट अश्केनाझी आणि फिनलंडच्या लोकांपेक्षाही आकुंचित होता, सगळे थोड्याच पूर्वजांपासून आलेले. म्हणजे नात्यात लग्न न करणाऱ्यांनीही फार निश्चिंत राहण्याचे कारण नाही.

आणि तरीही जगातल्या जनुकीय अभ्यासांत आपण कुठे होतो? पार्किन्सन्सची जोखीम वाढवणाऱ्या 90 जागा दाखवणारा 2019 चा मोठा अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर केलेला होता. जीबीए1 या जनुकातला एक बदल आफ्रिकी वंशाच्या लोकांत एका प्रतीने जोखीम सुमारे दीडपट आणि दोन प्रतींनी साडेतीनपट करतो, हे समजायला 2023 साल उजाडले, कारण तोवर नायजेरियातल्या रुग्णांना मोठ्या संख्येने कोणी मोजलेच नव्हते, आणि युरोपीय लोकांत तो बदल जवळपास नसल्यामुळे तिथे कितीही शोधून तो सापडला नसता. भारतातही आता 10,000 रुग्ण आणि तितकेच निरोगी लोक यांची तुलना करण्याचे उद्दिष्ट ठेवून असे काम हाती घेतलेले आहे. डॉक्टरांनी हे सांगितल्यावर भाऊ हसून म्हणाला, "म्हणजे ताई, आपण अजून यांच्या वहीत चढलेलोच नाही."

रक्त देण्याचा दिवस मात्र साधा गेला. रात्रीपासून गोळी बंद ठेवून यायला सांगितले होते, म्हणजे आजार मूळ रूपात दिसतो. त्यामुळे भावाला लोकलच्या पायऱ्या चढवताना माझी दमछाक झाली. अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवणे, टाचा आपटणे, मागून अचानक ओढल्यावर तोल सांभाळणे, वास ओळखणे, मग जांभळ्या टोपणाच्या दोन नळ्या रक्त. प्रश्नावलीत मात्र एक तास गेला. विहिरीचे पाणी किती वर्षे प्यायलात, तणनाशक कोणते, फवारणी स्वतः करता की गडी करतो, तोंडाला काय बांधता. भाऊ वीस वर्षे बागेत स्वतः पंप मारतो आणि तोंडाला टॉवेल बांधतो. पॅराक्वाट या तणनाशकाचा आणि पार्किन्सन्सचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, आणि एखाद्याच्या जनुकांमुळे त्याच्या पेशी अशा विषाला लवकर बळी पडत असाव्यात असे मानायला जागा आहे, असे तिथल्या संशोधकाने सांगितले. त्या दिवसापासून पंप गड्याकडे गेला, पण मुखवट्यासह. बागेच्या कडेला माजणाऱ्या खाजकुयलीचाही विषय निघाला, कारण गावात प्रत्येकाने आम्हाला तिच्या बिया सुचवल्या होत्या. त्या बियांत लेव्होडोपाच असते, आणि 1937 मध्ये भारतीय संशोधकांनीच ते त्यांतून वेगळे काढले होते; पण एका बीत किती आहे याचा नेम नाही, म्हणून चालू गोळीबरोबर ती खाऊ नये, असे डॉक्टरांनी बजावले.

अहवाल साडेतीन महिन्यांनी आला. पार्किन, पिंक1, डीजे-1, पीएलए2जी6, ज्या जनुकांच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर तरुणपणी पार्किन्सन्स होतो, त्यांत काही नाही. पार्किनमध्ये एक अडचण असते: अक्षरे एकेक वाचली तर सगळी बरोबर लागतात, आणि जनुकाचा अख्खा तुकडाच गळालेला असला तर तो या वाचनातून निसटतो, जणू माझ्या कुलवृत्तांतात छपाईची चूक एकही नाही, पण पानेच नाहीत. म्हणून तुकडे मोजण्याची वेगळी चाचणी पुन्हा पैसे भरून केली. तीही निर्दोष आली. मात्र एलआरआरके2 मध्ये, जिथे एकाच प्रतीतला बदलही आजाराला पुरू शकतो, एका प्रतीत एक बदल होता, जी2019एस नव्हे, दुसराच, आणि त्यापुढे लिहिले होते: अर्थ अनिश्चित. हा बदल पूर्वी कोणा रुग्णात नोंदलेला नव्हता आणि निरोगी लोकांच्या जनुकीय नोंदींच्या कोशातही नव्हता. त्या कोशांत आमच्यासारखी माणसे थोडी, म्हणून तो विरळ आहे की आमच्याकडे सर्रास आहे आणि फक्त मोजलेला नाही, हे त्या कागदावरून ठरवता येत नव्हते.

ते ठरवण्याची एक वाट होती: घरातल्या निरोगी माणसांत तो बदल आहे का ते पाहायचे. म्हणजे आईचे आणि माझे रक्त. समुपदेशक मुलीने मला अर्धा तास एकटीला बसवून विचारले की निकाल जाणून घ्यायचा आहे का, न जाणण्याचाही तुम्हाला हक्क आहे. मी जाणून घेणार होते. आई 86 वर्षांची आहे. तिला आम्ही तोवर एवढेच सांगितले होते की बाळाचा आजार नसांचा आहे. खरे सांगितले तेव्हा ती बराच वेळ सोले उन्हात पसरत राहिली, आणि मग म्हणाली, "माझ्या माहेरचं आणि तुझ्या बापाच्या आजोळचं घर एकच. म्हणजे माझंच ना सगळं?" मी तिला सांगितले की नात्यातल्या लग्नाचा जो संशय होता तो तपासलेल्या जनुकांत खरा ठरला नाही. तिने मान डोलावली, पण रक्त द्यायला मुंबईला नेलेच पाहिजे असा हट्ट धरला. शेवटी दापोलीतच रक्त काढून बर्फात घालून पाठवण्याची सोय झाली.

बदल आईत होता. माझ्यातही होता. मी 63 वर्षांची आहे आणि माझे फळ्यावरचे अक्षर अजून शाळेत नावाजले जाते. आई चष्मा लावून आजही सुईत दोरा ओवते. डॉक्टर म्हणाल्या की हे चांगले चिन्ह आहे, 86 व्या वर्षापर्यंत निरोगी माणसात सापडलेला बदल बहुधा निरुपद्रवी असतो. पण पक्के म्हणता येत नाही, कारण जी2019एससारखा खरोखर घातक बदल असलेल्यांपैकीसुद्धा 80 वर्षांपर्यंत आजारी पडतात ते साधारण चौथ्या हिश्शापासून दोनपंचमांशांपर्यंतच. अहवालातली ओळ बदलली नाही. भावाच्या औषधांतही काही बदलले नाही. त्याचा आजार कशाने झाला याचे उत्तर आम्हाला मिळाले नाही, आणि दीड वर्ष व पदरचे पैसे घालून मिळालेले हे उत्तर मी नातलगांना सांगते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर "मग कशाला केलेत?" असे स्पष्ट दिसते.

शेवटची सही राहिली होती. आमची तिघांची माहिती नावे काढून सामायिक संग्रहात ठेवायची की नाही, याची. ठेवली तर उद्या रत्नागिरीच्या किंवा कारवारच्या एखाद्या पस्तीस वर्षांच्या रुग्णात हाच बदल निघाल्यावर त्याच्या डॉक्टरांना दिसेल की कोकणातल्या एका 86 वर्षांच्या निरोगी बाईतही तो आहे. भावाने सही केली. गोळीची वेळ झाली होती, त्यामुळे आडनावाची अक्षरे मुंगीएवढी आली. मी केली. आईचा कागद मी घरी आणला. तिने तो सगळा वाचून घेतला, दोनदा काही शब्द विचारले, आणि नावाच्या जागी सासरचे नाव लिहिल्यावर थांबून खाली कंसात माहेरचेही लिहिले. त्यासाठी कागदावर जागा नव्हती. समुपदेशक मुलीने तो कागद तसाच दाखल करून घेतला.